किनाऱ्यावरच्या गावात छोटा धंदा आणि परवाने: सवलत नको, तारीख हवी

वाडीतली_सुपारी

नमस्कार मंडळी. गणपती उरकले, चाकरमानी परत गेले, आता दिवाळीपर्यंत गाव शांत आहे. बरेच दिवस मनात घोळणारा विषय आज लिहून टाकते. लांब झालंय, सवडीने वाचा.

आमचं गाव रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात, समुद्राला लागून. पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. नाव मुद्दाम देत नाही. मला कोणा एका कार्यालयाची बदनामी करायची नाही, आणि ही गोष्ट किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांची आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतली बहुतेक सुपारी आडवी झाली. सुपारीचं झाड उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय, म्हणून सासऱ्यांनी बांधलेल्या जांभ्याच्या घरातल्या माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलो आणि मागच्या अंगणात जेवणाची सोय केली. उकडीचे मोदक, आंबोळी, मासळीचं ताट. शिवाय आमसूल, कोकम आगळ, फणसपोळी. लोक येऊ लागले. मग वाटलं, अंगणात मांडवाऐवजी वीस बाय पंधराची पत्र्याची शेड घालावी, म्हणजे अवेळी सर आली तरी पाहुण्यांना ताट उचलून पळायला नको.

मार्च महिन्यात अर्ज दिला. आधी सांगितलं सातबारा आणा. नेला. मग घरपट्टी थकीत नसल्याचा दाखला. नेला. मग मोजणी नकाशा. त्यासाठी वेगळं चलान, वेगळी तारीख, मोजणीदार आला त्याला दोन महिने गेले. मग कळलं की बांधकामाचं बघणारे अभियंता आठवड्यातून दोनच दिवस असतात, बाकीचे दिवस त्यांच्याकडे दुसरं गाव. मग त्यांची बदली. नव्या माणसाने फाइल उघडली आणि म्हणाला, घर समुद्रापासून किती अंतरावर आहे याचा कागद यात नाही. तोपर्यंत दुसरा मार्च आला होता. दाखला हातात पडला पुढच्या जूनमध्ये, म्हणजे पंधरा महिन्यांनी. त्याच आठवड्यात पाऊस सुरू झाला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. माझ्याकडे कोणी पैसे मागितले नाहीत. कोणी उद्धट बोललं नाही. उलट टेबलावरचे भाऊ "ताई, बसा, पाणी घ्या" म्हणायचे. तरीही माझे दोन हंगाम गेले. आमच्या धंद्याला हंगाम असतो हे कार्यालयात कोणाच्या खिजगणतीत नसतं. दिवाळीची सुट्टी, नाताळ, मग एप्रिल-मे. वर्षाची कमाई त्या मोजक्या आठवड्यांत होते. ऑक्टोबरमध्ये मिळालेला कागद आणि जूनमध्ये मिळालेला कागद यांच्यावरचा शिक्का एकच असला तरी आमच्यासाठी ते दोन वेगळे कागद आहेत.

आमच्या आळीतला एक मुलगा. पट्टीचा पोहणारा, खाडीची भरती-ओहोटी तोंडपाठ. त्याला चार कयाक घेऊन खाडीत सकाळच्या फेऱ्या सुरू करायच्या होत्या. मेरीटाईम बोर्डाकडे गेला, त्यांनी स्थानिक ना-हरकत मागितली. स्थानिक कार्यालयाने सांगितलं, किनारा महसूलचा, आधी तहसीलचं पत्र आणा. तहसीलमध्ये विचारलं, बोर्डाची परवानगी कुठे आहे? प्रत्येकाला दुसऱ्याचा कागद आधी हवा. आठ महिने फिरला. आता तो पनवेलला एका गोदामात कामाला आहे. त्याची आई माझ्याकडे भाकऱ्या भाजायला येते. तिच्याकडे बघितलं की मला तो कयाकवाला पोरगा आठवतो.

आता मुद्दा. गावात व्यापारी मंडळ आहे, पण त्यांचं काम म्हणजे नवरात्रात वर्गणी आणि कोणी मोठा माणूस आला की हार. प्रत्येकजण आपापली फाइल काखेत घेऊन एकटा जातो आणि "बघा ना साहेब, तेवढं माझं" म्हणतो. मीही तेच केलं. माझं काम झाल्याने माझ्यामागून येणारीचं काम एका दिवसानेही सोपं झालं नाही.

मला नियमातून सूट नको आहे. कोणत्या कामाला कोणते कागद ते एकदाच लिहून द्या, काही कमी असेल तर सगळं एकाच पत्रात सांगा, आणि हो किंवा नाही कधी कळेल ती तारीख द्या. एवढं मिळवायला गावाने एकत्र येऊन काय करावं? कोणी केलंय का? कसं केलं?

हर्णैचा_वारा

ताई, शब्दन् शब्द पटला. माझं किराणा आणि बर्फाचं दुकान आहे. कुठल्या कागदाची मुदत कधी संपते याची वही बायको ठेवते, म्हणून चाललंय. इलेक्ट्रॉनिक काट्याचं मुद्रांकन दरवर्षी. त्या एका शिक्क्यासाठी काटा गाडीत घालून न्यायचा, अर्धा दिवस दुकान बंद. तपासायला हवाच, गिऱ्हाइकाला माप चोख मिळायलाच हवं. पण वर्षातला एक दिवस ठरवून निरीक्षक बाजारपेठेतच बसले तर पन्नास दुकानांचा एकेक दिवस वाचेल.

कुडाळकर_७७

खरां सांगूचां तर आमच्याकडे पण ह्याच. साहेब असले तर क्लार्क नाय, दोघय असले तर लाइट नाय. धागो वाचतंय, लिवत ऱ्हवा.

जुना_आवक_जावक

मी नगरपालिकांच्या सेवेत एकतीस वर्षं काढली, कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. टेबलाच्या आतल्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या २०१५ च्या आसपास नगरपंचायती झाल्या. पाटी बदलली. कायदा बदलला, १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू झाला. माणसं मात्र ग्रामपंचायतीचीच समावेशनाने आली. पाणीपट्टीची पावती फाडणारा मुलगा एका रात्रीत बांधकाम परवानगीची टिपणी लिहायला बसवला. त्याला कोणी शिकवलं नाही. तो घाबरतो. घाबरलेला माणूस आणखी एक कागद मागतो, कारण कागद मागितला म्हणून कोणावर चौकशी लागत नाही, मंजूर केलं म्हणून लागते. मुख्याधिकाऱ्याकडे कितीदा दोन-दोन गावांचा कार्यभार असतो. मधल्या काळात निवडणुका लांबल्या, अनेक ठिकाणी प्रशासकच होते, विचारणारी सभाच नव्हती. हे सगळं समर्थन म्हणून सांगत नाही. कुठे बोट ठेवायचं ते कळावं म्हणून सांगतो.

आता हत्यार. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. प्रत्येक कार्यालयाने आपल्या कोणत्या सेवा, किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर तो) कोण आणि अपील कोणाकडे, हे अधिसूचित करून फलकावर लावायचं असतं. अर्ज दिला की पोच आणि क्रमांक मिळायलाच हवा. नाकारलं तर कारण लेखी. मुदत टळली तर प्रथम अपील, मग द्वितीय अपील, त्यानंतर आयोग. विनाकारण उशीर केल्याचं सिद्ध झालं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होतो, आणि माझ्या अनुभवात रकमेपेक्षा सेवापुस्तकातल्या नोंदीची धास्ती मोठी.

पण ताई, तुमच्या गोष्टीत मला एक दिसलं. तुम्ही पाच वेळा कागद नेऊन दिलेत. किती वेळा पोच घेतलीत? लोक फाइल "साहेबांच्या हातात" देतात आणि त्यातच समाधान मानतात. हातात दिलेल्या कागदाची मुदत सुरूच होत नाही. आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या वहीत, नोंद झाली, शिक्का पडला, तिथून दिवस मोजायचे. तुमच्या गावाने पहिलं काम हे करावं: यापुढे कोणीही, कितीही ओळख असली तरी, पोचेशिवाय कागद द्यायचा नाही.

दुसरं. तक्रारी गोळा करू नका, प्रकरणं गोळा करा. एका वहीत दहा-बारा प्रकरणं. अर्ज कधी, त्रुटी कधी कळली, काय कळली, निकाल कधी. नावं नकोत, तारखा हव्यात. मी खुर्चीत होतो तेव्हा "फार त्रास होतो हो" म्हणणाऱ्या चाळीस माणसांच्या शिष्टमंडळाला चहा पाजून वाटेला लावणं सोपं होतं. तारखांची वही घेऊन आलेल्या तीन माणसांना वाटेला लावता येत नाही.

तिसरं. तोंडी आश्वासन घेऊन परत येऊ नका. "त्रुटी असल्यास सात दिवसांत, एकाच पत्राने कळवाव्यात" असा ठराव सर्वसाधारण सभेत मांडायला नगरसेवकाला सांगा. साहेबांची बदली झाली की शब्द त्यांच्यासोबत जातो, ठराव इतिवृत्तात राहतो.

कयाकवाल्या मुलाचं प्रकरण तीन कार्यालयांचं आहे, ते नगरपंचायतीत सुटणार नाही. त्यासाठी जिल्ह्याला जिल्हा उद्योग मित्र समिती असते, बोलीत झूम म्हणतात. अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि सगळी खाती एका टेबलाला. जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांना लेखी द्या की हा विषय झूमच्या बैठकीत घ्यावा. छोट्या माणसाने तिथे जायचं नसतं असा एक गैरसमज आहे. जायचं असतं.

ठाण्यातला_गावकरी

एवढं कशाला? आमदारसाहेबांना भेटा, एक फोन जाईल आणि काम होईल. आम्ही तसंच करतो.

जुना_आवक_जावक

होतं, तुमचं होतं. ज्याच्याकडे नंबर नाही त्याची फाइल त्या दिवशी आणखी खाली जाते. मी ती खाली ठेवलेली आहे, म्हणून सांगतो.

भरतीची_रेघ

मी या धाग्यावर जरा विरोधी सूर लावणार आहे. ताईंबद्दल आकस नाही, त्यांचं दुःख खरं आहे. पण "व्यवसायाला पोषक वातावरण" हे शब्द आले की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या शेजारच्या गावात या शब्दांखाली वाळूच्या टेकाडावर सिमेंटची भिंत आली. सुरूच्या बनात रस्ता आला. गेल्या पाच-सहा वर्षांत भरतीचं पाणी कुठवर येतं ते मी दर अमावास्येला चालून बघतो.

समुद्रापासूनचं अंतर विचारणारा तो नवा माणूस माझ्या मते बरोबर होता. फक्त एक वर्ष उशिरा विचारलं. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची. ग्रामीण भागात, २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्तीची घनता चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र (जिथे नवं बांधकाम चालत नाही), कमी असेल तर पूर्वीप्रमाणे २०० मीटर. विकसित नागरी भागाला वेगळा वर्ग, तिथे अस्तित्वातल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला परवानगी मिळते. आणि स्थानिकांना राहत्या घरात, जोत्याचं क्षेत्रफळ, रचना आणि दर्शनी भाग न बदलता पाहुणे ठेवायला त्यात वाट दिलेली आहे. म्हणजे माडीवरच्या दोन खोल्यांना कायद्याचा विरोध नाहीच. विरोध आहे तो घराच्या नावाखाली तीन मजले चढवणाऱ्याला.

गावातर्फे निवेदन द्याल आणि त्यात "सीआरझेड शिथिल करा" हे वाक्य आलं तर मी विरोधात सही करेन. निसर्ग वादळात ज्यांच्यापुढे झाडं आणि वाळू होती त्यांचं काय वाचलं आणि ज्यांच्यापुढे काही नव्हतं त्यांचं काय झालं, हे तुम्ही स्वतः पाहिलंय.

वाडीतली_सुपारी

भरतीची_रेघ, तुमचं म्हणणं मनावर घेतलं. खरंच. आमच्या पुढे सुरूचं बन होतं म्हणून कौलं गेली पण भिंती राहिल्या. ते बन कोणी तोडायला आलं तर मी पहिली आडवी पडेन.

माझी अडचण रेषेची नाही. रेषा कुठे आहे ते कोणी सांगत नाही, ही आहे. माझं घर कोणत्या वर्गात येतं हे मला पंधरा महिन्यांत कोणीही लिहून दिलं नाही. पहिल्याच दिवशी "ताई, तुमचं अंगण ना-विकास क्षेत्रात आहे, शेड होणार नाही" असं लेखी मिळालं असतं तर रडले असते, पण मांडवावर धंदा केला असता. नकाशे आहेत म्हणतात. मग प्रभागनिहाय नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर का नाही? त्याने तुमचंही काम सोपं होईल, वाळूवर भिंत घालणाऱ्याला बोट दाखवता येईल. हा मुद्दा निवेदनात घालू का?

भरतीची_रेघ

घाला. त्यावर माझी सही पहिली.

जेट्टीवरची

मी इथे फक्त वाचते, आज लिहायला घेतलं कारण राहवलं नाही.

माझी आई मासे विकते. आजीही विकायची. पहाटे जेट्टीवर लिलाव, मग टोपली डोक्यावर घेऊन बाजारपेठेच्या कोपऱ्यावर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत सुके बोंबील, सोडे, जवळा. त्या कोपऱ्यावर आमची बसण्याची जागा कोणत्याही दुकानाच्या पाटीपेक्षा जुनी आहे. आणि आम्हाला तिथून उठवायचा अर्ज दोन वर्षांपूर्वी कोणी दिला? व्यापारी मंडळाने. वास येतो, गिऱ्हाइकांच्या गाड्या लागत नाहीत. एक दिवस सकाळी गाडी आली, टोपल्या उचलल्या, बर्फासकट. त्या दिवशीचा सात हजारांचा माल होता, उधारीवर घेतलेला.

तुम्ही सगळे परवाना उशिरा मिळतो म्हणता. माझ्या आईला परवाना मागायचा कुठे हेच कोणी सांगितलेलं नाही. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. मी वाचलाय. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षण. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही. उठवायचंच तर ३० दिवसांची नोटीस. आमच्याकडे समितीच नाही, मग नोटीस कोण देणार?

म्हणून विचारते. तुम्ही जे "गावाने एकत्र यावं" म्हणता, त्या गावात आम्ही आहोत का?

हर्णैचा_वारा

बाय, आमच्या बाजारपेठेतही असा अर्ज गेला होता आणि त्यावर माझी सही होती. दुकानासमोर जागा मोकळी होईल एवढंच डोक्यात होतं. टोपल्या उचलताना मी गल्ल्यावर बसून बघितलं. चूक झाली. बाकी काय लिहू कळत नाही.

वाडीतली_सुपारी

मी रात्रभर यावर विचार केला. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये खानावळ, कयाक, दुकान सगळं आलं आणि ज्यांच्याकडून मी रोज सकाळी मासळी घेते त्या बायका आल्या नाहीत. माझ्या ताटातली सुरमई आमच्या गावातल्या तशाच कोपऱ्यावरून येते.

जेट्टीवरची, आम्ही बैठक घेतोय ती व्यापारी मंडळाच्या हॉलमध्ये घ्यायची नाही असं ठरवलं. देवळाच्या सभामंडपात घेऊ, दुपारी तीनला, म्हणजे विक्री आटोपलेली असेल. समितीची मागणी निवेदनात पहिली घालू. तुमच्या गावात अशी बैठक झाली तर तुम्हीही पुढे बसा, मागे नको.

हिशोबवही

मी दापोली ते चिपळूण पट्ट्यात छोट्या धंद्यांचे हिशोब लिहितो. एक वेगळा पैलू. लोक जेवढे परवाने काढतात त्यातले काही आता लागतच नाहीत, आणि ते कोणी सांगत नाही म्हणून मधल्या माणसाला पैसे जातात.

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर मोजके कामगार असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणी दाखला लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोच ठेवायची. तरी माझ्याकडे येणारे अर्धे लोक "गुमास्ता रिन्यू करायचाय" म्हणून पैसे देऊन आलेले असतात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि पूर्ण मोफत आहे. तिचे दोन-दोन हजार घेतलेले मी पाहिलेत, एका विधवा बाईंकडून. संध्याकाळभर चैन पडली नव्हती. खाद्यपदार्थांचं म्हणाल तर २०१९ मध्ये मी माझ्या बहिणीच्या लोणच्यांसाठी नोंदणी काढली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी आणि फी वर्षाला १०० रुपये होती. तिच्याच ओळखीत एकीने त्यासाठी पाच हजार मोजले होते.

हॉटेल-लॉजच्या बाबतीत २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ७० परवान्यांऐवजी १० परवाने आणि ९ स्वयंप्रमाणपत्रं असा निर्णय घेतला. तो निर्णय मुंबईत झाला. तालुक्याच्या टेबलावर तो पोचायला आपल्यालाच हातात धरून न्यावा लागतो. शासन निर्णयाची प्रत सोबत न्या, वाद न घालता समोर ठेवा.

उलट बाजूही सांगतो. अग्निशमनाचं गांभीर्याने घ्या. जिथे अग्निसुरक्षेची यंत्रणा कायद्याने आवश्यक आहे तिथे ती चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ते पैसे देऊन नुसतं कागदावर आणू नका. लाकडी माडीवर पाहुणे झोपतात.

आणि ताई, आगळ-आमसुलाचं काम वाढवायचं असेल तर छोट्या अन्नप्रक्रिया धंद्यांसाठीची केंद्राची पीएमएफएमई योजना अजून चालू आहे का बघा. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान, कर्जाशी जोडलेलं. बँक वेळ लावते, पण मिळतं.

सावित्रीकाठ

मी मंडणगड तालुक्यातला. आमच्याकडच्या वेळासला कासव महोत्सवात माणसं येतात ती गावातल्या घरांतच राहतात, घरचं जेवतात. मोठं हॉटेल न येता गावात पैसा येऊ शकतो हे तिथे बघायला मिळतं. आमच्या घराची आम्ही पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी केली आणि ती दाखवल्यावर वीज घरगुती दरानेच राहिली. ताई, तुमची नोंदणी आहे का? नसेल तर शेडच्या आधी ते करा. बाईच्या नावावर धंदा असेल तर २०२३ चं आई धोरण आहे, १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो.

वाडीतली_सुपारी

(साडेतीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, पण काहीतरी हातात घेऊनच लिहायचं ठरवलं होतं.

बैठकीला तेवीस माणसं आली, त्यात नऊ मासळीवाल्या. पहिला अर्धा तास नुसती भांडणं. व्यापारी मंडळाचे एक काका उठून चालले होते, त्यांना एका म्हातारीने हाताला धरून बसवलं आणि म्हणाली, "तुझ्या बारशाला मी पापलेट दिलंय, बस." मग बसले. त्यानंतर वही सुरू केली. अकरा प्रकरणं निघाली. सगळ्यात लांबलेलं सव्वादोन वर्षांचं, पिठाच्या गिरणीचं. सगळ्यात लवकर झालेलं एकोणीस दिवसांचं. त्या माणसाने पोच घेतली होती आणि त्याच्याकडे सगळ्या कागदांची यादी आधीपासून होती, कारण त्याचा भाऊ दुसऱ्या गावच्या नगरपरिषदेत कामाला आहे. ही दोन प्रकरणं शेजारी-शेजारी लिहिली तेव्हा मंडपात कोणी बोलेना.

जुना_आवक_जावक काकांनी सांगितल्याप्रमाणे तिघेच गेलो. मी, गिरणीवाले दादा आणि मासळीवाल्यांमधली एक. एक पानाचं निवेदन, सोबत वहीची प्रत. मुख्याधिकाऱ्यांनी वही दोनदा वाचली. माणूस बरा आहे. म्हणाले, मलाच हे एकत्र कधी दिसलं नव्हतं.

मिळालं ते असं. कामानुसार कागदांची यादी मराठीत टाइप करून दरवाज्याबाहेर लावली आहे, सध्या फक्त सहा कामांची. मी रोज बाजाराला जाताना बघते, अजून कोणी फाडलेली नाही. पोच देण्यासाठी खिडकी ठरवली, सकाळी अकरा ते दोन. पथविक्रेता समितीचा प्रस्ताव तयार करायला सांगितलाय आणि तोवर कोपऱ्यावर गाडी जाणार नाही असं पत्र दिलं. ते पत्र मासळीवाल्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

मिळालं नाही ते असं. सीआरझेडचा नकाशा "जिल्ह्याकडून मागवतो" म्हणाले, लेखी दिलं नाही. त्यासाठी आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे, ३० दिवस मोजतोय. सगळ्या खात्यांनी महिन्यातून एक दिवस एकत्र बसावं ही मागणी त्यांच्या हातातली नाही, तहसीलला पत्र गेलंय. कयाकचं प्रकरण उद्योग केंद्राला दिलं. त्या मुलाला फोन केला तर म्हणाला, काकी, आधी तारीख कळू दे, मग रजा टाकतो. मी त्याला भरीस घातलं नाही.

त्रुटी एकाच पत्राने, सात दिवसांत, हा ठराव आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेने मांडायचं कबूल केलं. गुरुवारी विषयपत्रिका निघाली. सभा येत्या मंगळवारी सकाळी अकराला आहे, आपला विषय नववा. आदल्या दिवशी खानावळ बंद ठेवून वहीच्या सतरा प्रती काढणार आहे, प्रत्येक नगरसेवकाला एक.